दुसऱ्या टोकाला

हस्माने काचेच्या फायबरच्या तोंडावरची टोपी काढली, टोक भिंगाच्या यंत्रात सरकवलं आणि छोट्या पडद्याकडे बघत राहिली. करड्या वर्तुळाच्या कडेला एक काळा ठिपका होता. तिने पुसायचं पेन टोकावर दाबलं, टक् असा आवाज झाला. पुन्हा बघितलं. वर्तुळ कोरं होतं.

"रफिकुल, एकसष्ट. सोड," ती वॉकीटॉकीत म्हणाली.

पलीकडच्या हॉलमधून रफिकुलने प्रकाश सोडला. हस्माच्या हातातल्या मापकावर आकडा आला: २.२. तिने टोक काढून पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. २.२. रफिकुललाही त्याच्या बाजूचं पुसायला लावलं. तरीही २.२.

"कक, केबल म्हातारी झाली असेल," रफिकुल म्हणाला. तो बांगलादेशी होता, सात वर्षं या देशात काढलेली, आणि कामावरच्या सगळ्या थोरल्या बायकांना तो मलय पद्धतीने कक, म्हणजे ताई म्हणायचा. "जेवून आल्यावर बघू या का? तोवर जरा तरुण होईल."

"काच म्हातारी होत नाही," हस्मा म्हणाली.

मलेशियात सायबरजायातल्या या डेटा सेंटरच्या इमारतीत पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला नवी यंत्रं येणार होती, आताच्या दसपट वेगाने माहिती इकडून तिकडे नेणारी. तयारी दोन महिने चालली होती. यंत्रं जड, म्हणून जमिनीखालचे टेकू बदलले. ती तापणार, म्हणून थंड पाण्याचे नळ रॅकपर्यंत आणले. विजेच्या तारा दुपटीने ओढल्या. फायबर मात्र जुनेच वापरायचे ठरले होते. काच तीच राहते, टोकाची यंत्रं बदलली की झालं. अडचण एवढीच होती, की जुनी यंत्रं खाऊनपिऊन सुखी होती. वाटेत साडेसहा डेसिबलपर्यंत प्रकाश गळाला तरी कुरकुर करत नव्हती. नव्यांना सगळ्या वाटेत मिळून तीनच्या वर खपत नव्हतं. एका टप्प्यातच सव्वादोन गळाला, तर पुढच्या टप्प्यांनी करायचं काय?

हॉल एक ते हॉल तीन या टप्प्यात एकशे चव्वेचाळीस फायबर होते. अकरा वर्षांपूर्वी ते हस्माच्याच कंपनीने टाकले होते. तेव्हाच्या मोजणीची नोंद इतकी चांगली होती, की इमारतीच्या मालकांच्या इंजिनियर बाईंनी, तेन्मोळीने, दहातला एक तपासला तरी चालेल असं सांगितलं होतं. आज सकाळपासूनचे सहा ठीक होते. एकसष्ट हा सातवा.

हस्माने लॅपटॉपवर जुनी नोंद उघडली. ओळ एकसष्ट: ०.३१. तिने भुवया आवळल्या. सव्वादोनचा फायबर कधी काळी ०.३१ होता, तर मधे कुणीतरी त्याला पिरगाळलं असणार. छतालगतच्या ट्रेमध्ये कुठे आवळला गेलाय का हे बघायला ती उठलीच होती. पण उठता उठता तिची नजर त्या पानावरून खाली गेली आणि ती परत बसली.

पानावरचे आकडे सगळे ०.३ च्या आसपास होते, फक्त सातव्या ओळीत ०.४८ होता. एकोणिसाव्या ओळीतही ०.४८. एकतिसाव्या ओळीत ०.४८. तिने बोट पडद्यावर ठेवून मोजलं. दर बारा ओळींनी ०.४८ येत होता, आणि त्याच्या आधीचे सहा आणि नंतरचे पाच आकडेही तेच, त्याच क्रमाने. फायबर बाराबाराच्या जुडग्यांत येतात. पहिलं जुडगं खरं मोजलेलं दिसत होतं. बाकीची अकरा त्याचीच नक्कल होती.

मोजणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एच. जे. लिहिलेलं होतं. शेवटच्या पानावर पूर्ण सही: हस्मा जलील. सही तिचीच होती. जलीलमधल्या शेवटच्या ल ची शेपटी ती अजूनही तशीच ओढायची.

"कक?" वॉकीटॉकीत रफिकुल म्हणाला. "एकाहत्तर घेऊ?"

"जेवून ये," ती म्हणाली.

*

त्या दिवशी तिने कुणालाच काही सांगितलं नाही. उरलेले नमुने मोजले, त्यात आणखी एक वाईट निघाला, तो नोंदवला, आणि पाचच्या सुमारास मोटरसायकलवरून घरी आली. वाटेत दोनदा सिग्नल हिरवा झाला तरी ती उभीच राहिली; मागच्यांनी हॉर्न वाजवले.

ती राहत होती त्या इमारतीच्या तळमजल्यावर तिच्या नवऱ्याचं, बहारिनचं दुकान होतं. तो कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायचा. पूर्वी तोही केबलच्या कामावर होता, तिच्याच कंपनीत. ती नवी होती तेव्हा तो टोळीचा प्रमुख. वयाने पाच वर्षांनी मोठा म्हणून सगळे त्याला अबांग, म्हणजे दादा म्हणायचे, तीही म्हणायची. लग्नानंतर तोच शब्द राहिला. मलय घरात नवऱ्याला तसंही तेच म्हणतात. पुढे शिडीवरून पडून त्याची कंबर गेली आणि त्याने ते काम सोडलं.

तो एका यंत्राचं पोट उघडून आत हात घालून बसला होता.

"लवकर आलीस," तो म्हणाला. "पोरगी कुराणाच्या वर्गाला गेलीय. भात झालाय, मासा तळायचा राहिलाय."

हस्माने पिशवीतून कागद काढून यंत्राच्या झाकणावर ठेवला. नोंदीचं पहिलं पान तिने छापून आणलं होतं. बहारिनने फडक्याला हात पुसले, शर्टाच्या खिशातून चष्मा काढून लावला, आणि कागद हातात न घेता वाकून वाचला. वाचायला फार वेळ लागला नाही.

"सातवा," तो म्हणाला. "त्या सातव्याने घोळ केला. मला तेव्हाच वाटलं होतं, हा नजरेत भरेल."

"मग बदलायचा होतास."

"बदलला असता तर खोटं झालं असतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता.

"अबांग, एकशे बत्तीस ओळी खोट्याच आहेत."

"हो," तो म्हणाला. "पण ते बारा आकडे खरे होते. मला वाटलं, खऱ्याचीच नक्कल केलेली बरी."

हस्माने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसली. दुकानाबाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं. ती सुरू होईपर्यंत दोघं थांबले.

"मी कुठे होते तेव्हा?"

"तू कोटा बारूला गेली होतीस. आईकडे."

तिला ते माहीतच होतं. दुपारपासून माहीत होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मंगळवारी दुपारी पहिलं जुडगं मोजून झालं आणि मामाचा फोन आला. आई अंगणात पडली, शुद्धीवर नाही. तिने हातातला मापक बहारिनला दिला होता. जा, मी बघतो बाकीचं, असं तो म्हणाला होता. बुधवारी रात्री आई गेली. गुरुवारी सकाळी दफन. आठवड्याने ती कामावर परतली तेव्हा कंपनीच्या मालकाने, तौकेने, कागदांची चळत पुढे ठेवली होती आणि ती जिथे बोट ठेवलं तिथे सह्या करत गेली होती.

"मी तुला विचारलं होतं, काम झालं का," ती म्हणाली. "कबरस्तानाच्या दारात. तू म्हणालास, झालं."

"म्हणालो."

"अकरा वर्षं मी तेच धरून चाललेय. नव्या पोरांना सांगते, माझ्या वाट्याचं काम एकट्या माणसाने दोन दिवसांत पुरं केलं होतं, तुम्ही दोघं मिळून रडता कसले."

बहारिनने यंत्रातून एक पट्टा काढला, उजेडात धरला आणि बाजूला ठेवला.

"एकट्याने होत नाही ते," तो म्हणाला. "तुला माहितीये. एका टोकाला प्रकाश सोडायला एक माणूस लागतो, दुसऱ्या टोकाला मोजायला एक. मी करून बघितलं. इकडे प्रकाश लावायचा, मग हॉल दोनला वळसा घालून तिकडे जायचं. ते दोन दरवाजे, एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही. एका फायबरला अकरा मिनिटं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत चार झाले. तौकेला म्हटलं माणूस दे. तौके म्हणाला, सगळे पेनांगला आहेत."

"मग सांगायचंस, होत नाही म्हणून."

"सांगणारच होतो. बुधवारी सकाळी तेच ठरवलं होतं. मुदत वाढवून मागू, फार तर शिव्या बसतील." त्याने चष्मा काढला. "मग दुपारी तुझा मेसेज आला. डॉक्टर म्हणतात आजची रात्र."

"मी तुला ये नव्हतं म्हटलं."

"तू कशाला म्हणशील? मी तुझा कोण होतो तेव्हा?"

मुदत वाढवून घ्यायची तर गुरुवारी सकाळी इमारतीच्या मालकांसमोर उभं राहावं लागलं असतं. कोटा बारूची शेवटची बस बुधवारी रात्री नऊला होती. बहारिनने हे दोन्ही सांगितलं नाही. तो तसा कमीच बोलायचा. हस्माने ते मनातल्या मनात मांडलं, आणि अकरा वर्षांत हा हिशेब एकदाही कसा केला नाही याचंच तिला नवल वाटलं. गुरुवारी सकाळी सात वाजता तो तिच्या आईच्या अंगणात उभा होता. अंगावर कालचाच शर्ट, गळ्यात इमारतीचा पास लटकलेला. मामाचा गुडघा दुखत होता, भाऊ जहाजावर होता, खांदा द्यायला शेजारचे तिघं होते. चौथा खांदा, पुढचा उजवा, बहारिनने दिला होता. तिने त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं ते त्या पासामुळे. काम संपवून तसाच धावत आला असं तिला वाटलं होतं.

"माझं नाव सांग त्यांना," बहारिन म्हणाला. "मी आता त्या धंद्यात नाही. मला कोण काय करणार? फार तर धुण्याचं यंत्र आणणार नाहीत दुरुस्तीला."

"सही माझी आहे."

"ओळी मी भरल्या."

"मी वाचल्या नाहीत." ती उठली, कागद घडी करून पिशवीत ठेवला. "लोकांना मी काय सांगत असते? न वाचता सही करू नका."

"मलाही सांगतेस. विजेच्या बिलावरसुद्धा," तो म्हणाला.

ती हसली नाही. मासा तळायला वर निघून गेली.

*

कंपनीचा मालक लाव सदुसष्ट वर्षांचा होता आणि सकाळी साडेसातला इमारतीसमोरच्या चहाच्या दुकानात हमखास सापडायचा. सगळे त्याला तौके, म्हणजे शेठ म्हणायचे. हस्माने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, त्या वर्षी तिथे दुसरं कोण होतं हे लावला ठाऊक होतं. त्याने अंड्यावर सोया सॉस घातला, ढवळला.

"बस आधी," तो म्हणाला. "उभ्याने वाईट बातमी दिली की ती मोठी वाटते."

ती बसली.

"एकशे चव्वेचाळीसच्या एकशे चव्वेचाळीस मोज. मी नाही म्हणतोय का? जे वाईट निघतील ते बदलू. आपल्या खर्चाने बदलू. फक्त का मोजतेस ते बोलू नकोस. म्हण, एकसष्ट वाईट निघाला म्हणून शंका आली. खोटं आहे का त्यात काही?"

"नाही."

"मग?"

"हॉल पाच आणि सहामध्येही आपलेच जुने कागद आहेत, तौके. तिथे त्यांनी नमुना तपासला आणि पुढे गेले. आपल्या कागदावर विश्वास ठेवून."

"ते कागद खरे आहेत."

"मला माहितीये. त्यांना कसं कळणार?"

लावने अंडं संपवलं, वाटी बाजूला सारली. "तुझ्यासारखी बाई मी बघितली नाही. सही करायच्या आधी कागदाचा वास घेतेस. पोरं तुझ्या पाठीमागे काय म्हणतात माहितीये? हस्माबाई निकाहनाम्यावर सही करतानाही काझीला म्हणाल्या, जरा मागचं पान दाखवा."

"एकदाच नाही घेतला वास," ती म्हणाली.

तो रस्त्याकडे वळला. मग म्हणाला, "एक माणूस दोन टोकांना उभा राहू शकत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. बुधवारी संध्याकाळी त्याने फाइल हातात दिली. जाड लागली. मी विचारलं नाही." त्याने पैसे ठेवले आणि उठला. "चल. मी पण येतो. एकटीने गेलीस तर म्हणतील म्हाताऱ्याने बाईला पुढे केलं."

तेन्मोळी तिशीची होती, केस घट्ट बांधलेली, आणि ऐकताना कधी मधे बोलायची नाही. हस्माने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिने खुर्ची वळवून जुनी नोंद उघडली आणि ऐकता ऐकता बोटाने ओळी मोजल्या. सातवी. एकोणिसावी. एकतिसावी.

"मी ही फाइल चारदा बघितलीय," ती म्हणाली. "माझ्याही लक्षात आलं नाही." मग तिने विचारलं, "भरल्या कुणी?"

"सहकाऱ्याने. सही माझी आहे."

"सहकाऱ्याचं नाव?"

"सही माझी आहे," हस्मा पुन्हा म्हणाली.

लावने घसा खाकरला. तेन्मोळीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने खणातून एक फॉर्म काढला. त्रुटीचा फॉर्म, इमारतीत दिवा उडाला तरी तो भरावा लागायचा. हस्माने भरला. तारीख, जागा, फायबरची संख्या. ‘कारण’ या रकान्याशी ती थांबली. जागा दोन ओळींची होती. तिने पेन टेकवलं, उचललं, आणि मग लिहिलं: मोजणीच्या वेळी दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता.

तेन्मोळीने ते वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

निर्णय दुपारपर्यंत आला. इमारतीत कंपनीने टाकलेले सगळे फायबर पुन्हा मोजायचे, फुकट. सुरुवात हॉल एक-तीनपासून, शनिवार-रविवारी. सहा महिने हस्माने कुठल्याही अहवालावर सही करायची नाही. तिचं काम दुसरा कुणी बघून सही करेल. तेन्मोळीने हे सांगताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही. शेवटी म्हणाली, "कक हस्मा, हे तुम्ही शोधलंत हेही मी लिहिलंय." आणि पुढच्या बैठकीला गेली.

*

शुक्रवारी लावने रफिकुलला सेनाईच्या कामावर पाठवलं. तिथलं काम अडलं होतं, इलाज नव्हता. संध्याकाळी हस्मा फोनवर माणूस शोधत होती. बहारिन भांडी घासत होता.

"दुसऱ्या टोकाला कोण आहे उद्या?" त्याने विचारलं.

"अजून कुणी नाही."

नळ बंद झाला. "मी येतो."

"तुझी कंबर?"

"उभंच राहायचंय. शिडी नाही ना?"

तिने फोन खाली ठेवला. "तुला पास लागेल. फॉर्म भरावा लागेल, अबांग."

"मग भरू."

शनिवारी सकाळी आठला तेन्मोळी स्वतः दारावर आली होती. बहारिनने पहारेकऱ्याच्या खिडकीशी चष्मा लावून फॉर्म भरला. नाव, ओळखपत्राचा नंबर. या इमारतीत पूर्वी काम केले आहे का? त्याने हो वर खूण केली आणि शेजारी वर्ष लिहिलं. तेन्मोळीने तो फॉर्म उचलला, वर्ष वाचलं, मग पत्ता वाचला. हस्माचा पत्ता तिच्याकडे नोंदलेला होताच. तिने आधी बहारिनकडे बघितलं, मग हस्माकडे.

"तो सहकारी मीच," बहारिन म्हणाला. "ओळी मी भरल्या होत्या. हिला माहीत नव्हतं."

हस्मा जमिनीकडे बघत होती. पहारेकरी उगाचच खणातल्या किल्ल्या हलवू लागला.

"आता ते करता येणार नाही," तेन्मोळी म्हणाली. "नवा मापक प्रत्येक आकडा वेळेसकट स्वतःच ठेवतो. टोकाचा फोटोसुद्धा."

"बरं आहे," बहारिन म्हणाला. "डोक्याला ताप नाही."

तिने पास छापून त्याच्या हातात दिला.

मापक हस्माने त्याला दिला आणि प्रकाश स्वतःकडे ठेवला. तो हॉल तीनकडे गेला. दोन दरवाज्यांचे आवाज झाले, एक बंद झाल्यावर दुसरा. मग वॉकीटॉकीत त्याचा श्वास ऐकू आला.

"इथे थंडी वाढवलीय यांनी," तो म्हणाला.

"एक. सोडते."

"०.३२."

जुन्या नोंदीत ०.३१ होतं. पहिलं जुडगं तासाभरात झालं; आकडे जवळपास तेच. सातवा ०.४९. बहारिनने तो वाचला, तिने पुढचा सोडला. पुढे हळूहळू हात बसला. तो पुसायचा, बघायचा, सांगायचा. ती म्हणायची पुढचा. जुन्या दिवसांत तो भराभर घ्यायचा, आता चष्मा वर-खाली करण्यात वेळ जायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पंचावन्न झाले होते.

समोरच्या दुकानात त्यांनी भात आणि कोंबडीचा रस्सा घेतला. बहारिन कंबरेला टेकू मिळावा म्हणून भिंतीशी बसला.

"बसमध्ये झोप लागली होती का तुला?" हस्माने विचारलं.

कुठल्या बसमध्ये, हे त्याने विचारलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "गुआ मुसांगला बस अर्धा तास थांबते. तिथे उतरून चहा घेतला. वाटलं इथूनच परत फिरावं. परत जायला बस असती तर फिरलो असतो कदाचित."

"नव्हती?"

"होती," तो म्हणाला. "समोरच उभी होती."

तिने आपल्या ताटातला कोंबडीचा मोठा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. त्याने तो खाल्ला.

दुपारी एकसष्ट पुन्हा वाईट निघाला, तसंच अठ्ठ्याहत्तर. बाकीचे चांगले. एकूण चार-पाचच वाईट निघतील असा हस्माचा अंदाज होता. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी खरंच मोजले असते तरी त्या सहज चालवून घेणाऱ्या यंत्रांच्या काळात यांतले निम्मे कुणी बदलले नसते. हे तिने वॉकीटॉकीवर सांगितलं नाही. पाच वाजत आले होते. उद्यासाठी शेवटची दोन जुडगी ठेवायची आणि आज एकशे वीसवर थांबायचं असं ठरलं.

"एकशे अठरा," ती म्हणाली. "सोडते."

उत्तर आलं नाही.

"अबांग?"

"थांब. पुसतो."

ती थांबली. पंख्यांच्या घोंघावण्यातून पलीकडचं टक् ऐकू आलं. मग आणखी एक. मग बराच वेळ काही नाही.

"किती?" तिने विचारलं.

"एक पॉइंट नऊ."

"परत पुसून बघ."

"तीनदा पुसलं."

हातातल्या प्रकाशाच्या डबीवरचा हिरवा दिवा चालू होता. हस्मा त्याच्याकडे बघत उभी राहिली. पुढे काय करायचं हे सांगायला तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. तेवढ्यात पलीकडे मापकाचं बटण दाबल्याचा बारीक आवाज आला.

"आहे तसा ठेवला," बहारिन म्हणाला. "पुढचा दे."